पान त्रेसष्ट

छोटी : ...आणि हे ऐक. ‘बॉयलर इतका प्रेमळ असतो हे मला या वयात कळलं.’ एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलंय. दुसऱ्या आवृत्तीच्या मागच्या कव्हरवर हाच अभिप्राय घेऊ ना, दादा?

दादा : प्रेमळ!

छोटी : का, काय झालं?

दादा : बावीस वर्षं मी त्या प्रेमळ प्राण्यापुढे उभा आहे. अजून काय लिहितात तुझे वाचक?

छोटी : ‘विज्ञान म्हणजे कंटाळा, हा समज गेला.’ ‘एका बैठकीत संपवलं.’ ‘बॉयलरची तहान तर विसरताच येत नाही.’ तीनशेच्या वर पत्रं आलीत. प्रेसला पाच वाजता कव्हरचं फायनल द्यायचंय, तू आलास ते बरंच झालं. बस ना. आणि तो हात मागे का लपवलायस?

दादा : पान त्रेसष्ट काढ.

छोटी : अरे, हे बँडेज कसलं? केवढं मोठं!

दादा : पान काढ आधी! मोठ्यानं वाच.

छोटी : ‘बॉयलरचं पोट म्हणजे आपलंच पोट. समोरच्या काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं, की समजावं, याला तहान लागली. माझा दादा मग लगेच पाण्याचा वाल्व उघडतो, जसं दमून आलेल्या माणसाच्या हाती कुणी तांब्या द्यावा.’

दादा : कधी उघडला गं मी? सांग, कधी उघडला?

छोटी : ओरडू नकोस. तूच सांगितलं होतंस, पाणी कमी झालं की...

दादा : कमी झालं की! कमी होणं वेगळं आणि काचेतून दिसेनासं होणं वेगळं. काच रिकामी झाली की आधी आग बंद करायची आणि पाण्याला हात लावायचा नाही. आतलं लोखंड लाल झालेलं असतं. त्यावर गार पाणी सोडलंस तर एका क्षणात एवढी वाफ होते, की बॉयलर भिंती घेऊन उडतो. हे कुठाय तुझ्या पुस्तकात?

छोटी : एवढं सगळं घातलं तर वाचक पान उलटतो, दादा. थोडं सोपं करावंच लागतं. सामान्य वाचकासाठी लिहिलंय, बॉयलरवाल्यांसाठी नाही.

दादा : वा! बॉयलरवाला तुझ्या सामान्य वाचकात बसत नाही? पुस्तकात घ्यायला चालतो, पुस्तक हातात घ्यायला नाही?

छोटी : मला तसं म्हणायचं नव्हतं.

दादा : पॅकिंग खात्यातून बदली होऊन आलाय माझा नवा जोडीदार. पन्नाशीचा, दोन मुलींचा बाप. वाचनाचा भारी नाद. मीच दिलं त्याला तुझं पुस्तक. छाती फुगवून म्हटलं, बहिणीनं लिहिलंय, यात मीही आहे. आज सकाळी पाण्याचा पंप बंद पडला. मी आलो तेव्हा काच रिकामी, पंप नुकताच चालू केलेला आणि याचा हात वाल्ववर.

छोटी : अगं आई गं!

दादा : ढकलून दिला त्याला. माझा तोल गेला आणि हात वाफेच्या पाइपावर टेकला. बर्नर बंद केला आणि दोघंही बाहेर पळालो. बाहेर तो मला म्हणतो, ‘तहान लागली होती ना त्याला?’ तुला तो विनोद वाटेल. मला नाही वाटला.

छोटी : ...दादा, एक पत्र आलं होतं.

दादा : कसलं पत्र?

छोटी : एका निवृत्त इंजिनिअरचं. पान त्रेसष्ट धोकादायक आहे, असं लिहिलं होतं. मला वाटलं किरकिऱ्या माणूस आहे. उत्तरसुद्धा दिलं नाही.

दादा : म्हणजे गोड गोड ते कव्हरवर आणि खरं ते रद्दीत! लाज वाटत नाही?

छोटी : वाटतेय. थांब.

(ती फोन लावते.)

छोटी : हॅलो, प्रेस का? मशीन लावू नका. हो, माझ्या जबाबदारीवर. पान त्रेसष्ट बदलतंय. ...आणि दुकानातली पहिली आवृत्ती परत मागवा. मला माहितीय, कठीण आहे. तरी मागवा. ...सांग दादा, काय लिहू?

दादा : लिही. काचेत पाणी दिसत नसेल तर आधी आग बंद. बॉयलर गार होईपर्यंत पाणी सोडायचं नाही. का ते पण लिही.

छोटी : आणि तहान?

दादा : खोड ती.

छोटी : खोडली. पण एक सांगू? रागावू नकोस. छापायच्या आधी कागद आठ दिवस तुझ्याकडेच होते. तू ‘झकास’ म्हणालास.

दादा : म्हणालो.

छोटी : हे पान वाचलं नव्हतंस?

दादा : चारदा वाचलं. ‘माझा दादा’ असं छापून येणार होतं ना.

छोटी : मग ते तांब्याचं?

दादा : खटकलं होतं. म्हटलं, एवढी शिकलेली आहे, तिनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

छोटी : दादा...

दादा : आज माझा जोडीदारही हेच म्हणाला.