चावीची आंघोळ

पाकदे तुकिरिन! दुसरं कुणीही नाही. उगाच कंपनीला नावं ठेवू नका, माझ्या नशिबाला बोल लावू नका. दोष पाकदेंचा, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. तर म्हणतात काय, "अर्धवट शिकलेल्यानं मोठ्यांना अक्कल शिकवू नये, मिको!" आता तुम्हीच सांगा, अर्धवट कुणामुळे शिकलो? वडील गेले, आणि हे त्यांचे थोरले भाऊ, आमचे पाकदे, सेमारांगला कॉलेजच्या दारात येऊन उभे राहिले. "चल कुदुसला. घरचा भरतकामाचा कारखाना आहे. पदवीनं काय कापडावर फूल उमलतं?" मी आलो. गाढवासारखा आलो!

तर चावी. तुम्हाला सांगतो, अंगठ्याएवढी निळी चावी, कुलपाची नव्हे, कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायची. ती खोचलेली असेल तर नक्षीचं सॉफ्टवेअर उघडणार, मशीन चालणार, कापडावर वेल चढणार. काढली की सगळं मढं. सॉफ्टवेअर जुनं, कॉम्प्युटर त्याहून जुना, चालू केला की आधी खोकतो मग उजळतो. पण आमच्याकडे अस्सल, बरं का! अख्ख्या कुदुसमध्ये पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलेला एकच माणूस, हाजी तुकिरिन. बाकी गल्लीत सगळे चोरीचं वापरतात, पलीकडचा दारसोनो तर चोरीच्या सॉफ्टवेअरवर नमाजाचे झगे भरतो आणि झोपतो शांत. आमचे पाकदे मात्र आल्यागेल्याला सांगणार, "माझ्या टाक्याला हराम लागलेलं नाही!" वर आणखी, आपली नक्षी कुणी चोरू नये म्हणून जादा पैसे भरून अशी सोय घेतलेली, की आमची फाईल फक्त आमच्याच चावीनं उघडेल. आमच्याच! दुसरीकडे नेली तर पांढरा पडदा.

आता त्या कॉम्प्युटरात माझं काय होतं? लवंगवेल. माझी स्वतःची नक्षी, लवंगेच्या कळ्यांची वेल, कबायाच्या, म्हणजे बायकांच्या लांब पोलक्याच्या, काठाला, गळ्याला, मनगटाला. अख्खा पावसाळा घातला हो तिच्यात, फक्त कापडावर भरायची राहिली होती. सुराबायाच्या बू मैमुनाह, केवढं मोठं दुकान त्यांचं, त्यांनी फोनवर कागदावरचं चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "सुरो महिन्यात लग्नं नसतात, तेव्हा मी माल ठरवते. येते तुझ्याकडे. कापडावर भरलेला नमुना दाखव. आवडला तर वर्षाचं काम तुझ्या नावानं, आणि माझ्या दुकानामागची खोली तुला." माझ्या नावानं! पाकदेंच्या नव्हे! ऐकताय ना? एक नमुना, आणि मी सुटलो असतो.

आणि उजाडला सुरोचा पहिला दिवस, आमचं नवं वर्ष.

त्या दिवशी आमच्याकडे जावात घरातल्या पूज्य वस्तूंना आंघोळ असते. आजोबांचा क्रिस, तो नागमोडी पात्याचा खंजीर, बाहेर निघतो, लिंबू चोळतात, फुलांच्या पाण्यात बुडवतात, वर चंदनाचं तेल. करा की! मी कधी नाही म्हटलं? मी उठून कारखान्यात गेलो, कॉम्प्युटर खोकला, उजळला, आणि पडद्यावर पाटी... "परवाना सापडला नाही. विक्रेत्याशी संपर्क साधा." मागे हात घालून पाहतो तर चावी गायब! धावत अंगणात गेलो. पितळेच्या घंगाळात गुलाब, मोगरा, चाफा, मधे आजोबांचा क्रिस, आणि त्याच्या शेजारी... निळी चावी. पालथी. पोहत होती!

"पाकदे!!"

"ओरडू नकोस. तूच म्हणाला होतास ना, कारखान्याचा सगळा जीव या चावीत आहे? मग ती या घराची पूज्य वस्तू नव्हे? क्रिसनं आजवर एक दमडी मिळवून दिली नाही, तरी त्याला आंघोळ. हिनं आपल्याला जेवू घातलं. हिला नको?"

मी म्हणालो होतो. कबूल. कधी म्हणालो होतो? बुदे, म्हणजे आमच्या काकू, त्या चावीवर ओलं फडकं वाळत घालायच्या म्हणून म्हणालो होतो! आणि लिंबू, पाकदे? लिंबू तरी कशाला चोळलंत? "गंज निघतो." चावीला गंज नव्हता हो! "आता तर मुळीच नाही."

पुसली, वाळवली, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली, बुदेंनी त्यातलेच तांदूळ काढून भात टाकला आणि दोन दिवस आम्ही चंदनाच्या वासाचा भात खाल्ला. चावी खोचली. "परवाना सापडला नाही. विक्रेत्याशी संपर्क साधा."

कंपनीला फोन लावला. मूळ कंपनी एका दुसरीनं गिळलेली, तिला तिसरीनं. बाई काय गोड, काय गोड! "दादा, आपल्या उत्पादनाचं आयुष्य संपलेलं आहे हं." अहो, संपलं नाही, बुडवलं! "त्या आवृत्तीसाठी आम्ही मदत देत नाही, दादा. नवीन आवृत्ती घ्या ना, दरमहा भाडं भरायचं." मी म्हटलं, भरतो, रक्त विकून भरतो, माझी जुनी फाईल उघडेल ना? "हो तर! फक्त ती आधी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून नव्यात बदलून घ्यायची." ताई, जुनंच उघडत नाही म्हणून तर फोन केला! "बरोबर आहे, दादा. त्यासाठी चावी लागेल." चावी मेली! "मग विक्रेत्याशी संपर्क साधा, दादा. आणखी काही मदत करू?"

आणखी? आधी कुठली केली?

मी पाकदेंना म्हटलं, अस्सल गेलं चुलीत, दारसोनोकडून चोरीचं आणू, मी वेल पहिल्यापासून काढतो, बाई यायला थोडा अवकाश आहे. म्हातारा असा उसळला! "माझ्या छपराखाली चोरी? हजला जाऊन आलोय मी! स्पष्ट लिहिलंय पडद्यावर, विक्रेत्याशी संपर्क साधा. साधलास का?"

पाकदे, विक्रेता म्हणजे सेमारांगचे चिनी दुकानदार, कोह गुनादी. ते वारले.

"दुकान तर असेल!"

निघालो. मोटरसायकलवर पुढे मी, मागे काळी टोपी घातलेले पाकदे. देमाकच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, आणि मागून सूचना चालूच, "डावीकडून घे... ट्रकला वाट दे... तुझा बाप असाच चालवायचा." पोचलो. दुकान आहे! पाटी नवी. कोह गुनादींचा मुलगा आत साबुदाण्याच्या काळ्या गोळ्यांचा गार चहा विकतोय. पाकदेंनी रुमालातून चावी काढून काउंटरवर ठेवली. तो पोरगा चावी बघतो, आमच्याकडे बघतो... "अंकल, यात साखर किती घालू?" वडिलांचं सामान, सॉफ्टवेअरच्या डिस्का, सुट्या चाव्या? "भंगारवाल्याला दिलं. तुम्हाला पप्पांनाच विचारायचं असेल तर टेकडीवर आहेत. डाव्या अंगाला, तिसऱ्या ओळीत."

तो चेष्टा करत होता. तुम्हाला कळलं, मला कळलं. पाकदेंना?

"गुलाब कुठे मिळतील?" पाकदेंनी विचारलं.

मी म्हटलं, पाकदे, घरी चला, माझ्या पाया पडा हवं तर, नाही, मी पडतो तुमच्या! "वडीलधाऱ्याच्या कबरीवर फुलं वाहिल्याशिवाय आपण कुठलं काम सुरू करतो का? त्याच्या गावात येऊन त्याला न भेटता जायचं? रीत सोडलीत तुम्ही पोरांनी, म्हणून पडद्यांवर पाट्या येतात." आणि चढले हो टेकडी! चिनी दफनभूमीत आमचा हाजी, हातात गुलाबपाकळ्यांची पुडी. बसले मांडी घालून. पाकळ्या पसरल्या. चावी ठेवली. आणि शेजारच्याशी बोलावं तसं म्हणाले, "कोह, माझ्या हातून भिजली. पोराचं काम अडलंय. तुम्ही म्हणाला होतात, हाजीसाहेब, ही आयुष्यभर चालेल. कुणाच्या आयुष्यभर, ते विचारायचं राहिलं बघा."

एक क्षण, फक्त एक क्षण हं, मला म्हाताऱ्याची दया आली. आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला.

बुदे. "अरे मिको, तुझ्या सुराबायाच्या बाई आल्यात ना! कुठे आहात तुम्ही?"

आज? आजच?

"इकडे लग्नाला नाही, बारशाला आल्या होत्या, म्हणाल्या जाता जाता बघू. काळजी करू नकोस, मी त्यांना म्हशीच्या मटणाचा गरम सोतो पाजला, जेनांगची मिठाई बांधून दिली."

बुदे, त्यांना बसवून ठेवा. मी येतोय. उडत येतोय!

"अगं बाई, त्या गेल्या की. कॉम्प्युटर लावला तर ती तुझी पाटी आली, परवाना सापडला नाही. बाई म्हणाल्या, परवाना नाही म्हणजे चोरीचं आहे का? मी लाजेनं मेले! एवढ्या लांबून आलेल्या, रिकाम्या हातांनी कसं पाठवायचं? मग मीच त्यांना पलीकडे दारसोनोकडे घेऊन गेले. त्याचं सगळं चालू होतं हो! आणि तुझं ते लवंगांचं कागदी चित्र होतं ना भिंतीवर, तेही त्याला दिलं, म्हटलं बाईंना हेच हवंय. त्यानं बसल्या बसल्या भरून दाखवलं. बाई इतक्या खूश झाल्या... तू मला थँक्यू म्हणशील बघ!"

मी फोन ठेवला. पाकदे पाकळ्या झटकत उठले, गुडघे धरले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "बघ. लगेच फोन आला की नाही?"

वर्षाचं काम दारसोनोच्या नावानं लागलं. सुराबायाच्या खोलीत त्याचा मेहुणा राहतो. मी पाकदेंकडेच आहे, पायमशीनवर शाळेच्या सदऱ्यांचे बिल्ले भरतो.