विकासचं सांगायचं राहिलेलं

बसा, बसा. माझ्यासाठी कुणी उठू नका. माझ्या नातवासाठी, विकाससाठी, आज खुटबावच्या शाळेत एवढी माणसं जमली. कुरकुंभवरनं कंपनीचे साहेबसुद्धा आले. अशा येळी आजीनं काय बोलावं? आजीच्या आधी नातवानं जायचं नसतंय. रांग मोडून गेला. लहानपणापासनं तीच खोड.

सगळे म्हणाले, विकास लई हुशार. व्हय, होता. पण तो करतो काय, हे मला कळायला दोन दिवाळ्या गेल्या.

मी इचारलं, "बाबा, तू कंपनीत करतोस तरी काय?"

म्हणला, "आजी, टाकीवरलं मशीन परदेशी. हापिसात नवा कॉम्प्युटर आलाय, तो निराळा. एकाचं दुसऱ्याला कळत न्हाई. मी त्यांचं बोलणं जुळवून देतो."

"म्हंजी सोयरीक जमवतोस. त्यातली नवरी कोणची?"

लई हसला. मग म्हणला, "आजी, आपली सावड असती का न्हाई? तसं."

आता सावड तुम्हाला कुणी सांगायची? आज तुमची माणसं आमच्या शेवंतीत, उद्या आमची तुमच्या कांद्यात. आधी ठरतं, कोण काय देणार, बदल्यात काय घेणार. तुमच्या घरात कोण कसं राबतं, ते आम्ही इचारत न्हाई. विकास तसंच ठरवून लिहायचा. कुणी काय मागायचं, आकडा द्यायचा का नाव, कशामागं काय द्यायचं. त्याची म्हणं येगळी भाषाच हाय. एकदाच लिहायचं, आन् दोन्हीकडल्यांनी त्याच्यावरच चालायचं. टाकीची बाजू विकास बघायचा. कॉम्प्युटरची बाजू त्याचा दोस्त शकील.

तो शकील मागं दाराशी उभा हाय. आल्यापासनं बसला न्हाई.

का बसत न्हाई, ते मला ठावं हाय. मागल्या महिन्यात टाकीतला माल बिघडला. कॉम्प्युटरनं वजनाच्या जागी गरमीचा आकडा धरला. साहेब, तुम्ही सगळ्यांदेखत शकीलला बोललात. विकास तिथंच गप उभा. बाहेर आल्यावर शकील त्याला म्हणला, "परत तुझं तोंड बघणार न्हाई." आन् आठवडा सरायच्या आत माझा विकास सोलापूर रोडवर अपघातात गेला.

शोकसभेत गेलेल्याचं चांगलंच सांगतात. मी त्याची चूक सांगणार हाय. रागावू नका.

त्या ठरलेल्यात विकासनं मधीच एक गोष्ट वाढवली. आपल्या बाजूला नवं लिहिलेलं घेतलं आन् शकीलला ते द्यायचं इसरला. टाकी नव्या रीतीनं बोलत होती, कॉम्प्युटर जुन्या रीतीनं ऐकत होता. सावडीचं ठरलेलं बदलायचं आन् शेजाऱ्याला सांगायचं न्हाई! मग शेजारी काय करंल?

त्या दिवशी विकास जेवला न्हाई. मला म्हणला, "आजी, चूक माझी हाय. शकील बोलणी खात होता आन् माझं तोंड उघडलं न्हाई. सोमवारी साहेबांना सांगतो. मग शकीलच्या घरी जातो."

मी म्हणलं, "आत्ताच जा की."

म्हणला, "लई तापलाय तो. जरा निवू दे."

त्याचा सोमवार आलाच न्हाई.

म्हणून साहेब, त्याच्या जागी मी सांगितलं. शकीलची चूक नव्हती. शकील, तू ऐकलंस का? तुझ्या बोलण्याचं त्यानं मनात काय धरलं नव्हतं. त्याला तुझ्या घरी यायचं होतं, बाबा. यायचं होतं.

आता विकाससाठी सगळ्यांनी उभं राहायचं आन् घटकाभर कुणी बोलायचं न्हाई. माझे गुडघे मला उठू देत न्हाईत. एरवी विकास हात द्यायचा.

शकील, पुढं ये. मला उठव.