आधी मटणाची सोडत, मग ठराव

...आणि वर मलाच विचारतात, "मटणाची सोडत आधी काढली नाही तर सभेला येणार कोण, क्लाइव्ह?" अहो, तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं नगरपालिकेत कारकुनी केली, पण चार चॉप्स नि सहा सॉसेजपायी बस अडलेली पाहिली नव्हती!

बस म्हणजे आमची एक्केचाळीस नंबरची. माझी बायको इनिड टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते. रोज दुपारी त्या बसने जायचं, चहात बिस्किट बुडवून तिला द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खातच नाही. डोळ्यांमुळे माझं लायसन्स गेलेलं... आणि सरकार म्हणतं, एक्केचाळीस बंद! सरकार कुणाचं? जन्मभर ज्याला मत दिलं त्याच पक्षाचं! शेजारीण नॅरेल म्हणाली, "बाहेरून बोंबलून काय होणार? आत शिरल्याशिवाय बदल होत नाही."

शिरलो आत.

आत म्हणजे काय, तर पक्षाची इथली शाखा: हिरवळीवर बोल्सचे गोळे घरंगळवणाऱ्यांच्या क्लबची मागची खोली, महिन्याचा पहिला शनिवार, भर दुपार, आठ माणसं. गणसंख्या सात. आधी मागल्या सभेचा वृत्तांत, मग मटणाच्या ट्रेची सोडत, नि मग माझा बस वाचवायचा ठराव. ज्याला ट्रे लागतो तो लगेच उठतो, "उकाडा बघ ना, चॉप्स नासतील, फ्रीजमध्ये टाकून आलोच." येतोय कसला! आणि त्याच्या गाडीतून आलेले दोघं? तेही निघाले! उरले पाच. अध्यक्ष रेज शांतपणे चष्मा पुसतो, "गणसंख्या नाही रे, दोस्ता. पुढल्या महिन्यात." फेब्रुवारीत हेच, मार्चमध्ये हेच... म्हटलं, सोडत शेवटी घ्या की! रेजनं असं पाहिलं, जणू मी भिंतीवरचा त्याच्या बापाचा फोटो उतरवायला सांगितला. "अरे, एकाहत्तर सालापासून हाच क्रम आहे!"

नॅरेलला सांगितलं तर तिचं पुन्हा तेच, "आत शिरल्याशिवाय..." अगं बाई, शिरलोय! अजून किती शिरू?

शेवटी चिटणीस झालो. झालो म्हणजे काय, ते पद कुणालाच नको होतं. पण कार्यक्रमपत्रिका चिटणीस टाइप करतो ना! जूनमध्ये गुपचूप सोडत तळाला टाकली. एक माणूस जागचा हलला नाही, सगळ्यांची नजर ट्रेवर... ठराव आठ विरुद्ध शून्य! वर पक्षश्रेष्ठींकडे पाठवला. ऑगस्टमध्ये उत्तर आलं: "नोंद घेतली."

आता चाळीस वर्षं ज्यानं स्वतः "नोंद घेतली" लिहिलं, त्याला त्याचा अर्थ काय सांगायचा?

ऑगस्टअखेर बस बंद. सप्टेंबरच्या सभेत सोडत निघाली, आणि ट्रे कुणाला लागावा? मला! बस नाही, गाडी नाही, रेज आपली गाडी घेऊन सगळ्यात आधी पसार. मटण कवटाळून तीन किलोमीटर चढ चढलो, मागे दोन कुत्री... इनिडनं आधी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उशीर केलास. बिस्किट कुठंय?"

बिस्किट विसरलो होतो.

तिथली नर्स मोठ्या मायेनं म्हणाली, "बससाठी एवढं केलंत, आजोबा! खरंच, तुमच्यासारख्या माणसांनी आत शिरल्याशिवाय काही बदलायचं नाही."

म्हटलं, बाई, ते राहू दे. आधी हे फ्रीजमध्ये टाक.