नव्या मशीनची पूजा

आमच्या शेठना हिशेब समजावून बघा एकदा. मी मिरकरवाड्यात बर्फाच्या कंपनीत अकाउंटंट. त्यांना म्हटलं, "धंद्यातून रोकड येते त्याहून जास्त तुम्ही मशिनरीत घालताय. वीजबिल थकलंय, आमचे पगार अडकलेत."

"अरे, मशीन म्हणजे खर्च नव्हे, वाढ आहे," शेठ म्हणाले.

नव्या मशीनची पूजा चालू असतानाच वायरमन वीज तोडायला आला. शेठनी त्याला प्रसाद दिला. त्याने तो खाल्ला, हात पुसले आणि लाईन तोडली. जुनं मशीनही बंद पडलं. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी आमच्या पायांखालून वाहायला लागलं. म्हटलं, आता तरी डोळे उघडतील.

त्या पाण्यात उभे राहून शेठ मला म्हणाले, "बघितलंस? आपला स्वतःचा जनरेटरच हवा. कोटेशन मागव."