विमान निघालं, पण मागे

इंजिन उलटंही सुरू होतं, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं.

आमचे शेजारी जाधवकाका रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर. भुसावळहून जयपूरला बदली झाली आणि इथेच निवृत्त झाले. तरुणपणी त्यांनी एक छोटं विमान केलं होतं, दोन तारांना बांधून स्वतःभोवती गोल उडवायचं. त्याचं लिंबाएवढं डिझेल इंजिन चाळीस वर्षं बंद होतं. परवा आम्ही ते विमान शहराबाहेर कानोत्याच्या माळावर नेलं.

काका मधोमध तारांची मूठ धरून उभे. मी विमानाच्या नाकावरच्या पंख्याला बोटाने झटके देतेय.

"काका, हे नाही होणार."

"इंधनातलं एरंडेल प्यायलंय ते. उठेल."

आणि खरंच किंचाळत उठलं! काकांचे डोळे भरून आले. मी विमान धरूनच मागे गेले आणि शेपटी सोडली, तर विमान उलटं धावत आलं ते थेट माझ्या पायावर.

"अहो काका, हे रिव्हर्समध्ये चाललंय!"

काका जागचे हलले नाहीत.

"बरोबर चाललंय. इंजिनाला पुढं-मागं नसतं. ड्रायव्हर सांगेल ती पुढची बाजू. तूच गाडीसमोर उभी आहेस, बाजूला हो!"