रिकाम्या पाळण्याचं गाणं

न्यू ऑर्लिन्सच्या त्या अंत्यविधीवाल्याच्या दुकानात वर्नेल शवपेटी ठरवायला आली होती. बाकावर तिच्या शेजारी लिओ नावाची एक म्हातारी आणि तिचा ट्रम्पेटवाला भाऊ नंबराची वाट बघत बसले होते.

“दादा, उद्या माझ्या लेकाला नेताना आईचं गाणं वाजवायचं. संथ, आणि शब्दांसकट.”

“लिओ, ते परतीचं गाणं आहे गं. देह पुरून झाला की नाचत घरी येतानाचं.”

“नाचायचं केलं कुणी? धाकटी गेली तेव्हा आई ते रिकाम्या पाळण्यापाशी म्हणायची. तूच उचलून बँडात नेलंस.”

“एकदा परतताना बँडाची गाणी संपली होती गं. आईचं तीन ठोक्यांचं गाणं चार ठोक्यांच्या ठेक्यात बसवलं, तर लोक वेड्यासारखे नाचले. मग सगळ्या बँडांनी घेतलं. कुणी शब्द गाळले, कुणी चालसुद्धा बदलली. आता दुनियाभर वाजतंय.”

“आणि मिरवणूक आली की आई खिडक्या लावून घ्यायची.”

“ठाऊक आहे मला.”

“मग बँडवाल्यांना संथ शिकव.”

“मलाच येत नाही आता. तू म्हण, मी ऐकून बसवतो.”

म्हातारीनं डोळे मिटले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली.

“लिओ.”

“मध्ये बोलू नकोस.”

“पाय बघ तुझा.”

वर्नेलनंही खाली पाहिलं. म्हातारीचा बूट फरशीवर ठेका धरून नाचत होता. म्हातारीनं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ओळच नाचत बाहेर आली.