बसच्या चाकांवरून वाचलेली मॅच

(नॉर्बी गावातलं लोर्नाचं कॅफे. जानेवारीतली सकाळ, बाहेर बर्फ. खिडकीजवळच्या नेहमीच्या टेबलावर आर्विड आणि एल्डन हे दोन म्हातारे.)

आर्विड : कोणाचा विश्वास बसणार नाही म्हणून मी हे आजवर कोणाला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हतो. पण तू मघापासून तो पेपर माझ्या नाकासमोर फडफडवतोयस, तेव्हा ऐकच. मला खेळाचं पान लागत नाही. मी मॅच रस्त्यावर वाचतो.

एल्डन : रस्त्यावर कोणी टाकलेल्या पेपरात?

आर्विड : पेपर गेला खड्ड्यात. शाळेच्या बसच्या खुणा वाचतो. बर्फातल्या.

एल्डन : लोर्ना, याच्या कॉफीत काय घातलंयस?

लोर्ना : तुमच्या कॉफीत आहे तेच. आर्विड, रोल गरम करू का?

आर्विड : कर. आणि लोणी हात आखडून लावू नकोस. हां, तर एल्डन, माझ्या बापाने मला लहानपणी हरणाच्या खुरावरून ओळखायला शिकवलं होतं. नर की मादी, भुकेलं की पोट भरलेलं, आणि त्याच्या मनात काय चाललंय.

एल्डन : काय चाललेलं असतं हरणाच्या मनात?

आर्विड : बहुतेक वेळा तुझ्या परसातला कोबी. आता हरणाचं कळतं, तर बसचं का कळणार नाही? केवढं मोठं जनावर ते. माझ्या दारावरूनच जातं. शाळेच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच परगावी असली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन बाहेर येतो आणि वाकून बघतो. जिंकल्या असतील तर सगळ्या मागच्या बाकांवर गर्दी करून गाणी म्हणत येतात. मागची चाकं रुततात. हरल्या असतील तर एकेक जण एकेक खिडकी धरून बसते, कोणी कोणाशी बोलत नाही. मग चारही चाकं सारखीच जातात, पण जास्त खोल. हरलेली बस जड असते.

एल्डन : अरे, जिंकल्या हे कळायला चाकं कशाला? जिंकल्या की वेशीपासून शाळेपर्यंत आगीचा बंब सायरन वाजवत बसच्या पुढे चालतो. मिल्टन तेवढ्यासाठीच तर बंबावर नोकरी करतो. गावात आग कुठे लागते?

आर्विड : बंबावरून जिंकल्या एवढंच कळतं. कशा जिंकल्या, कोण कसं खेळलं, ते चाकांत असतं. आता आमची सिग्ने. ती बसते डावीकडे, ड्रायव्हरच्या मागे. माझी नात म्हणून सांगत नाही, पण पोरगी चांगली खेळली की येताना दोन बर्गर खाते. वाईट खेळली की पाणीसुद्धा पीत नाही. डावीकडचं पुढचं चाक बघायचं. झालं.

एल्डन : दोन बर्गरांनी बसचं चाक रुतत नाही.

आर्विड : तू हायवेवरच्या त्या टपरीतला बर्गर खाल्ला नाहीयेस.

लोर्ना : हा घ्या रोल. एल्डन, तुमचा येतोय, भट्टीत आहे.

एल्डन : आर्विड, एवढी वाकून वाकून कंबर मोडण्यापेक्षा पेपर परत सुरू कर ना. दारात येऊन पडतो. उभ्या उभ्या वाचता येतो.

आर्विड : नाही.

एल्डन : आता चार महिने होतील.

आर्विड : चाळीस होऊ देत. त्यांनी काय छापलं होतं ते विसरलास? नॉर्बीची शाळा बंद करा आणि क्लेव्हनच्या शाळेत मिसळून टाका. रिकामे वर्ग तापवण्यात अर्थ नाही. रिकामे! त्या वर्गांत मी शिकलो, तू नापास झालास.

एल्डन : एकदाच.

आर्विड : आणि पुढच्या वर्षी माझ्या नातीने क्लेव्हनची जर्सी घालून खेळायचं. क्लेव्हनची, एल्डन. ज्यांना हरवण्यासाठी आपण आपलं तारुण्य घालवलं. ते वाचलं आणि मी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. म्हणे, का बंद करताय, काही तक्रार? म्हटलं, तक्रार नाही, भांडण आहे. म्हणे, दोन महिने फुकट पाठवते. म्हटलं, बाई, तुमचा संपादक मला शिव्या देणार आणि त्या मी फुकटात घेणार, एवढा मी स्वस्त नाही.

लोर्ना : तरी पेपर आठवडाभर येतच होता ना तुमच्याकडे?

आर्विड : येत होता. मी ओव्हनचे हातमोजे घालायचो, तोंड फिरवायचो आणि उचलून थेट पिंपात जाळायचो. एक अक्षर डोळ्यांत जाऊ दिलं नाही.

एल्डन : स्वतःचा बंद केलास इथपर्यंत ठीक होतं. पण तू घरोघरी फिरलास. अर्ध्या गावाला बंद करायला लावलंस.

आर्विड : अर्ध्या नाही, त्याहून जास्त. तू तेवढा उरलास.

एल्डन : मला शब्दकोडं लागतं. आणि डेलचं काय? शाळामंडळात मतदान झालं तेव्हा विलीनीकरणाला हात वर करणाऱ्यांत तुझा मुलगा होता, सिग्नेचा बाप. पेपरसारखं त्यालाही बंद केलंस?

आर्विड : डेलचा विषय नको.

लोर्ना : नको कसा? दर रविवारी चर्च सुटलं की तो पायरीवर तुमच्यासाठी थांबतो. थंडीत, टोपी हातात घेऊन. मी बघते ना.

आर्विड : बाजूचं दार आहे की चर्चला. मी तिथून जातो.

लोर्ना : म्हणजे पोराशी बोलणं नाही, म्हणून सिग्नेची बातमी घरातून नाही. पेपर बंद, म्हणून पेपरातून नाही. आणि संध्याकाळनंतर तुम्हाला रस्ता धड दिसत नाही, म्हणून परगावच्या मॅचला जाणं नाही. उरली बस.

आर्विड : बस पुरते मला.

एल्डन : पुरते म्हणे. मी सांगतो हा काय करतो. लोर्ना, तुझ्या कॅफेचा पेपर त्या खिळ्याला टांगलेला असतो. हा रोज सगळ्यांच्या आधी येतो. तू भट्टीकडे वळलीस की हा पान उलटतो. मग आम्हाला चाकं आणि हरणं सांगतो.

आर्विड : तू माझ्यावर चोरीचा आळ घेतोयस.

एल्डन : वाचण्याचा घेतोय.

आर्विड : तो जास्त वाईट.

एल्डन : मग होऊन जाऊ दे. काल क्लेव्हनला मॅच होती. मी खेळाचं पान अजून उघडलेलं नाही, ते मी रोलबरोबर वाचतो. तू सांग काय झालं. मग मी पान उघडतो. तू सांगितलेलं त्यात निघालं, तर तू वाचलंयस. आत्ता, लोर्नाच्या फोनवरून त्या गोड आवाजाच्या मुलीला सांगायचं, आर्विड लोकेन शरण आला, पेपर पाठवा.

आर्विड : आणि नाही निघालं तर?

एल्डन : तर मी माझा बंद करतो. शब्दकोड्यासकट.

आर्विड : लोर्ना, तू साक्षी.

लोर्ना : मी सकाळपासून साक्षीच आहे. बोला.

आर्विड : तर काल रात्री जेवून बसलो होतो. बंबाचा सायरन ऐकू आला. काय वाजवला मिल्टनने! माझ्या कपाटातल्या बशा एकमेकींवर नाचायला लागल्या. तेव्हाच कळलं, साधीसुधी जीत नाही. सकाळी उजाडल्याबरोबर रस्त्यावर गेलो. मागची चाकं अशी रुतलेली, की त्यात माझी काठी उभी राहिली.

एल्डन : चाकं पुरेत. मॅच सांग.

आर्विड : सांगतो. हाफ टाइमला आपण मागे होतो. बरेच मागे. क्लेव्हनची ती उंच पोरगी, वेणीवाली, आपल्या मुलींच्या डोक्यावरून बॉल काढून घेत होती, जसा काही फडताळातला डबा काढतेय. मग सिग्नेने काय केलं, तिच्या अंगाला चिकटली. जिकडे ती, तिकडे ही. सावलीसारखी. ती पोरगी वैतागली, चुकायला लागली. एकेक करत आपण वर आलो. शेवटचं मिनिट, आपण एकाने मागे. सिग्ने बॉल घेऊन आत घुसली आणि दोघींनी मिळून तिला पाडली. अशी पाडली की बूट फरशीवर करकरत गेला.

एल्डन : फाउल?

आर्विड : मग काय! दोन फ्री थ्रो. पोरगी उठली. डाव्या अंगठ्याला पांढरी पट्टी, ती अर्धी सुटून लोंबत होती. दातांनी तोडून टाकली. दोन्ही बुटांचे तळवे हाताने पुसले. क्लेव्हनची अख्खी गॅलरी पाय आपटत होती, फळ्या धडधडत होत्या. पहिला बॉल रिंगवर फिरला, फिरला, आणि आत पडला. बरोबरी. मग गॅलरी गप्प. इतकी गप्प, की कोणाच्या तरी हातातला मक्याच्या लाह्यांचा पुडा चुरगळल्याचं ऐकू आलं. दुसरा बॉल सोडण्याआधी तिने मान वर करून बघितलं. गॅलरीत. एकदाच. आणि सोडला. रिंगला लागलासुद्धा नाही. नुसतं जाळं हललं.

लोर्ना : वर कशाला बघितलं तिने?

आर्विड : ते... असंच. बघतात मुली.

एल्डन : हे सगळं चाकांत होतं?

आर्विड : डावीकडच्या पुढच्या.

एल्डन : लाज वाटू दे तरी थोडी. हे लिहिलेलं वाचल्याशिवाय कोणाला येणार नाही. थांब, उघडतो पान. हे काय... क्लेव्हनच्या मुलांची हॉकी. क्लेव्हनची कुस्ती, फोटोसकट. क्लेव्हनचा प्रशिक्षक निवृत्त. आपलं कुठाय? लोर्ना, माझा चष्मा पुसून दे.

लोर्ना : चष्मा चांगला आहे. तिथे खाली बघा, हवामानाच्या वर.

एल्डन : मुलींचे निकाल. नॉर्बी एक्कावन्न, क्लेव्हन पन्नास. बस? हे एवढंच?

आर्विड : एवढंच आहे?

एल्डन : नाव नाही. सिग्नेचं नाव नाही. फ्री थ्रो नाहीत. क्लेव्हनला त्यांच्या घरात, शेवटच्या मिनिटाला हरवलं, आणि मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ.

लोर्ना : तो वार्ताहर पोरगा परवा इथे चहाला आला होता. वाईट वाटत होतं त्याला. म्हणाला, नॉर्बीत आता आमचा पेपर घेणारेच उरले नाहीत, म्हणून नॉर्बीच्या मॅचला मला पाठवायचं नाही, असं वरून ठरलंय. प्रशिक्षकाने फोन करून आकडे सांगितले तर तेवढे छापायचे.

एल्डन : ऐकलंस? हे तुझं काम. तुझ्या भांडणात मुलींची मॅच गेली. हे त्यांचं नॉर्बीच्या नावाने शेवटचं वर्ष. सिग्नेची आई कापून काय ठेवणार? दर घरात फ्रिजवर पोरींची कात्रणं असतात. या वर्षी काय लावायचं, हवामान?

आर्विड : (रोल बाजूला सारत) मला माहीत आहे ते.

एल्डन : मग?

आर्विड : मग काही नाही. मी पेपर घेणार नाही. ज्याने शाळा बुडवायला सांगितलं त्याच्याच दारात जाऊन, आमच्या मुलींचं छापा हो, म्हणून उभं राहायचं? नाही जमणार. शाळेबद्दल चुकलो म्हणून त्यांनी पहिल्या पानावर लिहावं, मी त्याच दिवशी पैसे भरतो. तोवर सिग्नेचं कात्रण नसेल तर नसेल. कालची मॅच गावाला मी सांगेन. इथे बसून. रोज सांगेन, कोणी ऐको न ऐको. आणि पैज मी जिंकलो, ते विसरू नकोस. पेपरात नाहीच, तर मी वाचणार कुठून?

एल्डन : ते... हो. पेपरात नाहीच.

आर्विड : शब्दकोड्याला राम राम कर.

एल्डन : करतो. मी दिलेला शब्द मोडत नाही. पण मग तुला कळलं कुठून?

आर्विड : किती वेळा सांगू? बस.

लोर्ना : आर्विड.

आर्विड : काय?

लोर्ना : काल बस गावात आलीच नाही.

आर्विड : कोणती बस?

लोर्ना : शाळेची. मॅच संपल्यावर क्लेव्हनच्या आवारातच बंद पडली, थंडीने. जे आईबाप गेले होते त्यांनी मुलींना आपापल्या गाड्यांत वाटून घेतलं. माझी भाची टीममध्येच आहे, ती मैत्रिणीच्या गाडीतून आली, अर्धा तास उशिरा. मिल्टन वेशीवर बंब घेऊन वाट बघत बसला आणि शेवटी सायरन न वाजवताच परत गेला. आज तो तुमच्याही आधी आला आणि इथेच बसून कुरकुरत होता.

एल्डन : मी रात्री कानातलं यंत्र काढून ठेवतो. पण बशा नाचल्या म्हणालास ना तू?

आर्विड : बशा... वाऱ्याने नाचल्या असतील.

लोर्ना : वारा नव्हता. भाची जे सांगत होती तेच तुम्ही सांगितलंत. पट्टी दातांनी तोडली ते, वर बघितलं ते. फक्त ती म्हणाली, सिग्ने कोणाकडे बघत होती ते गर्दीत दिसलं नाही. आणि बस बंद पडायच्या आधीच तुम्ही क्लेव्हनहून निघाला असणार, नाहीतर ही बसची गोष्ट तुम्ही रचली नसती.

आर्विड : पेपर मी घेणार नाही, लोर्ना. काही झालं तरी.

लोर्ना : पेपरचं मी विचारतच नाहीये. अंधारात तुम्ही गाडी चालवत नाही, एवढंच म्हणतेय. डेलच्या गाडीत तुम्ही पुढे बसला होतात की मागे?